आण्णांच्या कानातला माणूस

कार्यक्रम कुठलाही असो, ड्रमवर बसायच्या आधी आण्णा स्टुलावरून हात फिरवायचे. म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा, हळू, एकाच दिशेनं. मग शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारायचे, ‘‘बसू का गं?’’ आणि बसायचे.

तुम्ही कोल्हापूरचे असाल आणि चाळिशी ओलांडली असेल, तर तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. ‘साडेसात’ बँडचे ड्रमवाले. लग्नाच्या रिसेप्शनला, कॉलेजच्या गॅदरिंगला, स्टेजवर सगळ्यात मागं, पितळी थाळ्यांच्या आड अर्धं तोंड. लोक गाणाऱ्याकडे बघतात, तुम्हीही तेच केलं असणार. मी मात्र अकरा वर्षं आण्णांकडेच बघत होतो. मी समोर मिक्सरवर बसायचो, आणि त्यांची मान हलली की माझा हात हलला पाहिजे, असा आमचा करार होता.

मी नांदेडच्या पलीकडचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. वायरिंग शिकलो आणि ठेकेदाराबरोबर गावोगाव फिरत कसबा बावड्यात आलो, तिथं नव्या इमारती उठत होत्या तेव्हा. पस्तिशी ओलांडलेली, बायको-लेकरं गावाकडं, आणि कोल्हापुरात ओळखीचा माणूस म्हणजे फक्त तो ठेकेदार.

आमच्या साइटच्या मागं आण्णांचा गोठा होता. गोठ्यावर माडी, माडीवर बँडचा सराव. वर गाणं, खाली म्हशी. एके दिवशी माडीवरून शिव्या ऐकू आल्या म्हणून मी डोकावलो. सहा महिने झाले, सगळ्या स्पीकरमधून ‘घूं’ असा आवाज येत होता आणि कुणालाच कळत नव्हतं. तीन मेकॅनिक येऊन गेले होते, तिघांनी तीन वेगळ्या वस्तू बदलायला लावल्या होत्या. मी भिंतीतली वायर बघितली. अर्थिंगच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागं खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ भरलं, पाणी ओतलं. आवाज गेला.

आण्णा माडीच्या मधोमध बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, ‘‘आयला, एवढी शांतता हुती व्हय हितं?’’ मग माझ्याकडं वळून, ‘‘पावणं, तुला कान हाय.’’

त्या दिवसापासून मी त्यांचा पावणं. अकरा वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी एकदा म्हटलं, ‘‘आण्णा, आता तरी मी पाहुणा नाही की.’’ तर म्हणाले, ‘‘नाव घिऊन काय करू? नावाची माणसं लई हायती माझ्याकडं. पावणं एकच हाय.’’

त्यांचा साउंडवाला नुकताच पुण्याला गेला होता. त्याच्या जागी त्यांनी मला बसवलं. मिक्सरवर सगळं इंग्रजीत. मी म्हटलं, ‘‘आण्णा, मला हे वाचता येत नाही.’’ त्यांनी मुलीच्या वहीची पानं कापली, डिंक घेतला आणि प्रत्येक बटणाखाली मराठीत चिठ्ठी चिकटवली. ‘गाणारा’, ‘बास’, ‘माझा मोठा ढोल’, ‘माझा बारका’. पाचव्यावर लिहिलं, ‘हुपरी’. एका लाल बटणाखाली लिहिलं, ‘हात लावू नको, मलाबी म्हाईत न्हाय’.

कुठंही गेलं की ओळख करून द्यायचे, ‘‘हे आमचे साउंड इंजिनियर.’’ मला लपायला जागा सापडायची नाही. एकदा एका प्राध्यापकांनी विचारलं, ‘‘कुठून केलं इंजिनियरिंग?’’ मी काही बोलायच्या आत आण्णा म्हणाले, ‘‘नांदेडकडनं.’’ नंतर मी रागावलो. ते म्हणाले, ‘‘खोटं काय बोललो? नांदेडकडनंच आलायस की. आन् तू नुसतं तुमच्याकडचं ‘येलालो, करलालो’ म्हणू नको, म्हंजे झालं.’’

बँडचा इतिहास मला त्यांनी धार काढताना सांगितला. तुकड्यातुकड्यांत, दोन म्हशींच्या मधे.

कॉलेजात असताना चौघांनी सुरू केलेला बँड. पहिलीच रचना एकवीस मिनिटांची. साडेसात मात्रांची. सात मात्रा आणि वर अर्धी, म्हणून बँडचं नाव. मला ते कधी नीट मोजता आलं नाही. आण्णा समजावायचे, ‘‘जिना चढतोयस. सात पायऱ्या सारख्या. आठवी अर्धी. पाय आपटायचा न्हाय.’’

ती एकवीस मिनिटं त्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगला पहिल्यांदा वाजवली. नऊ मिनिटं झाली तेव्हा मधल्या रांगेतला एक जण उठला आणि ओरडला, ‘‘ओ, लावून झालं आसंल तर चालू करा की!’’ त्याला वाटलं, अजून वाद्यं सुरात लावताहेत. सगळं मैदान हसलं. ‘‘आमीबी हसलो,’’ आण्णा म्हणाले, ‘‘आन् राहिल्याली बारा मिनिटं वाजवली. सोडतोय व्हय.’’

अशी चार वर्षं गेली. मग आण्णांना मुलगी झाली. माडीखालच्या खोलीत तान्हं बाळ, वर ढोल. वैनींनी एकच वाक्य सांगितलं, ‘‘पोरगी जागी झाली, तर काठ्या चुलीत घालीन.’’ म्हणून आण्णांनी काठ्या ठेवल्या आणि तारांचे ब्रश घेतले. गिटारवाल्यानं आवाज कमी केला. गाणारा कुजबुजल्यासारखा गायला लागला. त्या तीन महिन्यांत, बाळाला जाग येऊ नये म्हणून, त्यांनी एक चार मिनिटांचं गाणं बसवलं. ‘दिवा राहू दे’. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांची लग्नं त्या गाण्यावर लागली असतील. लोकांना साडेसात मात्रा कधी कळल्या नाहीत. लोकांना ते हळू वाजवणं कळलं.

पण त्या गाण्याच्या पोटात जुन्या एकवीस मिनिटांतला एक तुकडा त्यांनी लपवून ठेवला होता. मधे सगळं थांबतं आणि अर्धं मिनिट नुसती गिटार वाजते. मोकळी, ठेका नसलेली. मग ड्रम येतात आणि गाणं पुन्हा उभं राहतं. आण्णा म्हणायचे, ‘‘ते तेवढंच आमचं. बाकी सगळं पोरीचं हाय.’’

ती गिटार हुपरीची. तो हुपरी गावचा, घरात पैंजणं करायचा धंदा, म्हणून त्याला सगळे हुपरीच म्हणायचे. मी त्याला कधी पाहिलं नाही. मी कोल्हापुरात यायच्या दोन वर्षं आधी, एका रविवारी सकाळी, पैंजणाला घुंगरू जोडता जोडता तो बसल्या जागी गेला. छातीत कळ आली एवढंच. पंचेचाळिशीही झाली नव्हती.

बाकीचे म्हणाले, दुसरा गिटारवाला बघू. आण्णा म्हणाले, ‘‘बघा. आन् ढोलवालाबी बघा.’’

मग तोड निघाली. हुपरीच्या शेवटच्या वर्षी माडीवरच त्यांनी सगळी गाणी रेकॉर्ड केली होती, प्रत्येक वाद्य वेगळं. त्यातली हुपरीची गिटार कॉम्प्युटरवरून सोडायची आणि बाकीच्यांनी तिच्याबरोबर वाजवायचं. आण्णांच्या कानात हेडफोन, हेडफोनात टिकटिक, म्हणजे ठेका सुटत नाही. बरेच बँड असं करतात, त्यात नवल नाही. नवल एवढंच की ते बटण माझ्या हातात आलं. मेलेला माणूस रोज माझ्या बोटाखाली वाजायचा. मी वर केलं की वर यायचा, खाली केलं की खाली जायचा. सुरुवातीला बोट त्या बटणावर ठेवताना मला गार वाटायचं. आण्णांना काही नाही. साउंड चेकला मान वळवून सांगायचे, ‘‘तेला जरा वाढव. आज लाजतोय.’’

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो.

सहाव्या वर्षी कॉम्प्युटर अडखळायला लागला. गारगोटीला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, दुपारी चारचा. मला एकच भीती, मशीन मधेच अडकलं तर लोक म्हणतील, हा इंजिनियर कुठून धरून आणलाय. आदल्या दिवशी दुपारी मी एकटाच माडीवर बसलो आणि फाइली हलक्या करायला घेतल्या. ‘दिवा राहू दे’ उघडलं. पडद्यावर सात पट्ट्या, एकेका आवाजाची एकेक. सहांना नावं होती, सातवीला नव्हतं. मी ती इथून-तिथून ऐकली. खोकला. खुर्चीची करकर. चप्पल आपटल्याचा आवाज. कुणीतरी पुटपुटतंय. रेकॉर्डिंगच्या वेळी एकमेकांशी बोलायला जो माइक ठेवतात, तो चालू राहिलेला दिसत होता. आणि ही पट्टी जात कुठं होती, तर आण्णांच्या हेडफोनात. फक्त तिथंच. मला जुन्या साउंडवाल्याचा राग आला. इतकी वर्षं त्या माणसाच्या कानात उगाच कुणाचा तरी खोकला जातोय आणि ते बिचारे सांगतही नाहीत.

विचारावं असं वाटलं होतं. खाली जाऊन, गोठ्यात, फक्त एक वाक्य. पण विचारलं की आपल्याला कळत नाही हे दिसतं. ही भीती नववीपासून माझ्याबरोबर आहे.

मी ती पट्टी काढली. मी काळजीचा माणूस, सगळं दोन ठिकाणी ठेवायचो. दुसऱ्या ठिकाणाहूनही काढली. मग मोकळ्या झालेल्या जागेत नवीन कार्यक्रमांची गाणी भरली. संध्याकाळी मशीन लोण्यासारखं चाललं. मी खूश.

गारगोटीला मैदान भरलं होतं. माजी विद्यार्थी, त्यांची पोरं, शिक्षक. ‘दिवा राहू दे’ सुरू झालं तसे सगळे गायला लागले. मधला तुकडा आला. सगळं थांबलं, हेडफोनातली टिकटिकही, आणि हुपरीची गिटार एकटी निघाली. मी आण्णांकडं बघत होतो. काठ्या वर धरलेल्या, डोळे मिटलेले. आता येतील.

ते आले नाहीत.

शेकडो वेळा वाजवलेलं गाणं. झोपेत आले असते. गिटार त्यांची जागा ओलांडून पुढं गेली. गाणाऱ्यानं मागं बघितलं. बासवाल्यानं कसंतरी उचललं, गाणारा त्याच्या मागं गेला, आणि गाणं एका पायावर शेवटपर्यंत आलं. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. टाळ्या पडल्या. आण्णा काठ्या तशाच धरून बसले होते, दारात कुणाची तरी वाट बघत उभं राहावं तसे.

परतीच्या टेंपोत आम्ही दोघं पुढं, ड्रायव्हरशेजारी. ऊन उतरलं होतं. ते म्हणाले, ‘‘पावणं, आज माझ्या कानात कोण न्हवतं?’’

आणि मी काय बोललो ते ऐका. मी आनंदानं म्हटलं, ‘‘आण्णा, साफ केलं सगळं. तुमच्या हेडफोनात कचरा जात होता, तो काढून टाकला.’’

ते माझ्याकडं वळले. ‘‘दुसरीकडं कुटं हाय का?’’

‘‘नाही. दोन्हीकडून काढला.’’

त्यांनी मान वळवून बाहेरचा ऊस बघितला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग म्हणाले, ‘‘स्वच्छ झालं मग.’’ त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काय काढलं ते मला दुसऱ्या दिवशी वैनींनी सांगितलं. दूध घ्यायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, ‘‘काल घरात आले आन् जेवलेच न्हाईत. काय झालं रं?’’ मी सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या.

‘‘त्यात हुपरी बोलायचा,’’ वैनी म्हणाल्या. ‘‘त्या तुकड्याला ठेका न्हाई न्हवं, मग ह्यांनी यायचं कधी? तर तो आदी खोकायचा, चप्पल आपटायचा, आन् म्हणायचा, ‘ये की आता.’ म्हंजे हे यायचे. पहिल्यापासनं तसंच. रेकॉर्डिंगलाबी तसंच म्हणाला, ते ऱ्हायलं आत. तो गेल्यावर ह्यांनी साउंडवाल्याकडनं तेवढंच मागून घेतलं. बँडातल्या कुणाला सांगितलं न्हाई. म्हणायचे, पोरं हसतील.’’

मी हुपरीच्या घरी गेलो. पैंजणांच्या ढिगाऱ्यात त्याचा भाऊ बसला होता. गिटार होती भिंतीवर, आवाज कुठंच नव्हता. लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा तो मागं उभा, तोंड मिटून. पुण्याच्या साउंडवाल्याला फोन केला, त्यानं जुना कॉम्प्युटर कधीच भंगारात दिला होता. पुसलेलं परत काढून देणाऱ्या एका माणसाकडं डिस्क नेली. त्यानं चार दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, वर दुसरं लिहिलं गेलंय, आता खाली काही नाही. तो सहज बोलला. त्याला काय माहीत.

मी खोलीवर जाऊन पिशवी भरली आणि सांगायला गोठ्यात गेलो. आण्णा आचळांना तेल लावत होते.

‘‘कुटं निगालास?’’

‘‘गावाकडं. आण्णा, मला तोंड दाखवायला...’’

‘‘रविवारी इचलकरंजीला कार्यक्रम हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मिक्सर काय मी बघू, का ही म्हस बघंल?’’

त्यांनी तेलाची वाटी माझ्या हातात दिली. ‘‘धर. आन् ती पिशवी खाली ठिव, शेणात पडंल.’’

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. एकदाही नाही. इचलकरंजीला ते जागेवर अचूक आले. पुढच्या कार्यक्रमात आले, त्याच्या पुढच्यातही. मला वाटलं, सवय झाली. मी झोपायला लागलो.

मी प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करत असे. ड्रमवर वरून दोन माइक लटकलेले असतात, त्यांचाही आवाज वेगळा येतो. काही महिन्यांनी एका सकाळी झांजा जास्त का वाजताहेत ते बघायला मी फक्त तेच दोन माइक हेडफोन लावून ऐकत होतो. मधला तुकडा आला. गिटार लांबून, मैदानातून आल्यासारखी. आणि मग अगदी माझ्या कानाशी कुणीतरी खोकलं. चप्पल आपटली. आणि बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, ‘‘ये की आता.’’

मी हेडफोन फेकले. खाली गोठ्यात बादली वाजत होती, म्हणजे आण्णा खालीच होते. थोड्या वेळानं परत घातले आणि मागं नेऊन ऐकलं. तो आण्णांचाच घसा होता. पण आवाज त्यांचा नव्हता. आण्णा जाड बोलायचे, खर्जात. हा बारीक, थोडा नाकातला, घाई नसलेला. ज्या माणसाला मी पाहिलं नाही, त्याला मी असा ऐकला. मी इचलकरंजीचं काढलं. त्यातही होता. पुढच्यात होता. प्रत्येकात होता. ते स्वतःच खोकत होते, स्वतःच स्वतःला बोलवत होते, आणि स्वतःच येत होते.

मी त्यांना सांगितलं नाही की मी ऐकलं. पण त्या दिवसापासून ड्रमवरच्या माइकांचं एकही रेकॉर्डिंग मी पुसलं नाही. मशीन भरलं की नवी डिस्क आणली. तारीख आणि गाव लिहून सगळ्या मांडून ठेवल्या.

वर्षं गेली. गाणाऱ्याचे केस पिकले. रिसेप्शनला लोक मोबाइलवरची गाणी लावायला लागले, आम्हाला बोलावणी कमी झाली. आण्णांच्या मनगटाला सूज यायची, वैनी मीठ-पाण्याचा शेक द्यायच्या. साडेसात मात्रा मात्र शेवटपर्यंत लंगडल्या नाहीत. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते गेले. सकाळची धार काढून झाली होती, चहा प्यायला बसले होते. मी गावाकडं होतो, नातवाचं बारसं होतं. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. वैनी दारात म्हणाल्या, ‘‘पावणं आलं.’’

बँड थांबला. माडीची किल्ली वैनींनी माझ्याकडेच ठेवली आहे. मी दुसरीकडं साउंडची कामं करतो, मिक्सरवर आता इंग्रजी वाचता येतं. सुट्टीच्या दिवशी माडीवर जातो, झाडून घेतो, आणि डिस्का ऐकतो. गारगोटीनंतरच्या सगळ्या. एक एक गाव. प्रत्येक ठिकाणी तो खोकला, ती चप्पल, ते दोन शब्द.

शेवटचा कार्यक्रम शहरातल्या एका हॉलमध्ये झाला होता, त्यांच्या जाण्याच्या आधी महिनाभर. तो शेवटचा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ती डिस्क मी बरेच दिवस लावली नाही. मागच्या आठवड्यात लावली.

मधला तुकडा आला. गिटार निघाली. मी आवाज वाढवला. खोकला नाही. चप्पल नाही. मी आवाज पूर्ण वाढवला. त्या जागी काहीच नाही.

माझा संशय पहिल्यांदा माझ्याच हातावर गेला. बारीक आवाज आपोआप बंद करणारं एक बटण असतं, ते चालू राहिलं असणार. मी तपासलं. बंद होतं. परत तपासलं. माइक चालू, वायर बरोबर, सगळं बरोबर. म्हणजे ते खरंच गप्प होते. थकले होते, की आता त्याला आणायची गरज उरली नव्हती, की मी माडीवर बसून ते ऐकतो हे त्यांना कधीपासून माहीत होतं आणि त्या दिवशी त्यांनी मला मोकळं केलं, हे मला कळत नाही. विचारायला आता खाली कुणी नाही.

मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावतो. हॉलचा पंखा ऐकू येतो. पुढच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवतं. एक बाळ रडायला लागतं आणि कुणीतरी त्याला बाहेर नेतं. गिटार शेवटच्या सुरावर थांबते. आणि मग आण्णा येतात, अगदी वेळेवर, कुणीही न बोलावता.